हुकमी पैलवानाचा भाव

बीदर आणि कलबुर्गीच्या (जुन्या गुलबर्ग्याच्या) सीमेवर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात, जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. हुमनाबादचा वीरभद्रेश्वर, मैलारचा खंडोबा, कलबुर्गीचा शरणबसवेश्वर या मोठ्या जत्रा; गावोगावच्या मारुतीच्या आणि पिरांच्या वेगळ्या. मराठी तालमीतली आणि कानडी गरडीतली पोरं एकाच मातीत उतरतात. उदगीर, निलंग्याकडचे मल्ल येतात. १९५६ पर्यंत तो मुलूखही बीदर जिल्ह्यातच होता. राज्यांची सरहद्द मधे आली म्हणून मल्लांची वाट मोडली नाही.

हलगी कडाडायला लागण्याआधी फडात जे चालतं, त्याकडे बाहेरचा माणूस क्वचितच लक्ष देतो. तेव्हा पंच जोड लावत असतात. दोन पोरांना समोरासमोर उभं करतात, उंची पाहतात, दंड चाचपतात, वस्तादाला विचारतात: मागच्या जत्रेत कुणाशी खेळला, किती वेळ टिकला, निकाली झाली की सोडवली? एखाद्या वस्तादाला जोड पसंत पडली नाही तर तो आपल्या पोराचा हात धरून त्याला सरळ मागे घेतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. नारळाच्या कुस्तीपासून चांदीच्या कड्याच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत हाच रिवाज. पंचाची अब्रू जोडीवर ठरते. मल्ल उतरला आणि चुटकीसरशी समोरच्याला चितपट करून गेला, तर लोक जिंकणाऱ्याला फेटा बांधतात, पण पंचाला बोल लावतात.

या रिवाजात एक मोठं शहाणपण आहे, असं मला मनापासून वाटतं. कोण जिंकणार हे आधीच ठाऊक असलेली कुस्ती इथे लावतच नाहीत. पैजा इथेही लागतात, आणि ‘नुरा कुस्ती’ हा शब्द आपल्याकडे उगीच रुळलेला नाही; संगनमताच्या कुस्त्या झाल्या आहेत, होतात. फडाला देव्हाऱ्यात बसवण्याचं कारण नाही. पण पलीकडे मुष्टियुद्धाच्या धंद्यात शंभर वर्षं काय चाललं आहे, ते या जोडीच्या रिवाजाशेजारी ठेवून पाहिलं की दोन्ही गोष्टी नीट दिसू लागतात. तिथे हुकमी विजेता हाच मुख्य माल आहे. तो घडवला जातो, त्याला भाव दिला जातो, आणि त्या भावावर माणसं घरदार लावतात.

हुकमी मल्लाचं आपल्या कुस्तीत काय होतं, हे गामा पैलवानाच्या आयुष्यात दिसतं. १९१० मध्ये तो लंडनला गेला तेव्हा त्याची उंची तिथल्या आयोजकांना बेताची वाटली. त्याने उघड आव्हान दिलं: अर्ध्या तासात कोणतेही तीन मल्ल पाडून दाखवतो. आधी कुणी ते खरंच मानलं नाही. मग बेंजामिन रोलर या अमेरिकन मल्लाला त्याने हरवलं आणि १० सप्टेंबर १९१० रोजी शेफर्ड्‌स बुशच्या मैदानावर पोलंडचा स्टानिस्लॉस झिबिस्को त्याच्यासमोर आला. ‘जॉन बुल’ पट्टा आणि २५० पौंड इनाम. झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ जमिनीला चिकटून बचाव करत राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १७ सप्टेंबरला पुन्हा गाठ ठरली होती; झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाचा झाला. हिंदुस्थानात परतल्यावर गामाने रहीम सुलतानीवालालाही मागे टाकलं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्याला जोडच मिळेना. १९२८ मध्ये पतियाळात झिबिस्को पुन्हा समोर आला, तेव्हा एक मिनिटही पुरं झालं नाही. ज्याच्या विजयाबद्दल कुणाला शंका नाही त्याच्यासाठी फड रिकामा राहतो, हा आपल्याकडचा न्याय. मुष्टियुद्धाच्या बाजारात असा माणूस दर दोन-तीन महिन्यांनी रिंगणात उतरवला जातो, कारण त्याला हरताना नाही तर जिंकताना पाहायलाच तिकीट विकलं जातं.

भावाचा हिशेब इथे सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्याकडच्या सट्ट्यात भाव पैशांत बोलतात. एखादा संघ २० पैशांवर आहे याचा अर्थ त्याच्यावर रुपया लावणाऱ्याला तो जिंकल्यास आपला रुपया आणि वर २० पैसे मिळतात. हरला तर रुपया गेला. लावणं म्हणजे लगाई, उलट बाजूने तो पैसा अंगावर घेणं म्हणजे खाई. २० पैशांच्या भावात पाच विजयांची कमाई एका पराभवात जाते. ५ पैशांच्या भावात वीस विजयांची. भाव जितका खाली, तितका जिंकणाऱ्याबद्दल बाजाराचा विश्वास घट्ट आणि चुकीची किंमत अवाढव्य.

या पट्ट्यातल्या लोकांना जुगाराची दुसरी तऱ्हा जास्त परिचयाची आहे: मटका. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या-बंद होत्या दरांवर मुंबईत आकडे लावले जात. १९६१ मध्ये ते दर येणं थांबलं. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आपला मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी. त्यांचा ओपन-क्लोज मुंबईपासून निघून बीदर-गुलबर्ग्याच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचला. त्यात दहा आकड्यांपैकी एकावर रुपया लावायचा आणि लागला तर नऊ मिळायचे. थोडं लावून पुष्कळ मिळवण्याची ही ओढ गरिबाची आहे. हुकमी विजेत्यावर लावणाऱ्याची ओढ याच्या नेमकी उलटी: पुष्कळ लावायचं, थोडंच मिळवायचं, पण मिळवायचंच. तो स्वतःला जुगारी समजत नाही. बँकेत ठेव ठेवल्यासारखा तो पैसा ठेवतो.

त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. १९४९ मध्ये आर. एम. ग्रिफिथ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजा तपासल्या. लोक दुबळ्या घोड्यावर त्याच्या लायकीपेक्षा जास्त पैसा लावतात आणि हुकमी घोड्यावर कमी, असं त्याला आढळलं. पुढे इतरांनीही अनेक ठिकाणी हेच पाहिलं. म्हणजे रेसकोर्सवर हुकमी घोड्याच्या मागे जाणारा इतरांपेक्षा कमी बुडतो. पण पुण्या-मुंबईच्या शर्यती पाहिलेल्यांना हेही ठाऊक असेल की तिथल्या हँडिकॅप शर्यतींत जोरकस घोड्याच्या पाठीवर वजन वाढवतात, म्हणजे सगळे एका रेषेत येतील. तीही एक प्रकारची जोड लावणंच आहे. मुष्टियुद्धात असं वजन कुणी कुणाच्या पाठीवर ठेवत नाही. उलट, प्रतिस्पर्धी कोण हे ठरवणाऱ्याचं सगळं हित आपला माणूस जिंकण्यात असतं.

तिथे विजयांचा तक्ता कसा तयार होतो, याचा सर्वांत उघडा दाखला १९४७ चा आहे. १४ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जेक लामोटा आणि बिली फॉक्स यांची लढत होती. फॉक्सच्या नावावर नॉकआउट विजयांची लांबलचक माळ होती. त्याचा कारभार ‘ब्लिंकी’ पालेर्मो या गुन्हेगारी जगातल्या माणसाच्या हातात होता. लामोटा कसलेला, दगडासारखा मजबूत. सुरुवातीला बाजार त्याच्याकडे झुकलेला होता. मग लढतीच्या दिवसापर्यंत भाव उलटला, फॉक्स हुकमी ठरला, आणि बुकींनी पैजा घेणं बंद केलं. चौथ्या फेरीत लामोटा दोरांना टेकून ठोसे खात उभा राहिला आणि पंचाने लढत थांबवली. १९६० मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्याने कबूल केलं की ती लढत त्याने मुद्दाम सोडली होती. मोबदला पैशांचा नव्हता. विजेतेपदाच्या लढतीची संधी हवी असेल तर आधी हरावं लागेल, असं त्याला सांगितलं गेलं होतं. ती संधी त्याला १९४९ मध्ये मिळाली आणि मार्सेल सेर्दांला हरवून तो मिडलवेटचा जगज्जेता झाला. बिली फॉक्सचं मला फार वाईट वाटतं. आपल्या विजयांतले खरे किती, हे त्या पोराला स्वतःला तरी कळत होतं का?

सगळे हुकमी मल्ल असे खोटे नसतात, हे लगेच सांगायला हवं. १९३५ मध्ये मॅक्स बेअर खरोखर ताकदवान होता. गोदीत हमाली करून आणि सरकारी मदतीवर घर चालवून पुन्हा रिंगणात आलेल्या जेम्स ब्रॅडॉकने १३ जूनला पंधरा फेऱ्यांत त्याला गुणांवर हरवलं. जो लुईस तर सर्वकाळच्या श्रेष्ठांपैकी. तरी १९ जून १९३६ रोजी यांकी स्टेडियममध्ये माक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत झोपवलं. श्मेलिंगने लुईसच्या लढतींच्या फिल्म पुन्हा पुन्हा पाहिल्या होत्या आणि डावा ठोसा मारून झाल्यावर लुईसचा हात खाली येतो, एवढी एक फट हेरली होती. १९६४ च्या फेब्रुवारीत मायामी बीचवर सनी लिस्टन सातास एक या भावाने हुकमी होता. विचारलेल्या ४६ क्रीडापत्रकारांपैकी ४३ जणांनी त्याचंच नाव घेतलं. सहा फेऱ्यांनंतर तो आपल्या स्टुलावरून उठलाच नाही आणि बावीस वर्षांचा कॅशियस क्ले, पुढचा मुहम्मद अली, जगज्जेता झाला.

पण भावाच्या इतिहासात टोकियोइतकी शिकवणारी लढत दुसरी नाही.

११ फेब्रुवारी १९९०, टोकियो डोम. जपानात रविवारची दुपार, अमेरिकेत शनिवारची रात्र. तेवीस वर्षांचा माइक टायसन ३७ लढतींत ३७ विजय घेऊन आलेला, त्यातले ३३ नॉकआउट. १९८८ मध्ये मायकेल स्पिंक्सला त्याने ९१ सेकंदांत पाडलं होतं, १९८९ मध्ये कार्ल विल्यम्सला ९३ सेकंदांत. समोर ओहायोतल्या कोलंबसचा जेम्स ‘बस्टर’ डग्लस: २९ विजय, ४ पराभव, १ बरोबरी. अंगाने मोठा, हाताने चांगला, पण ऐन वेळी कच खातो अशी त्याची कुप्रसिद्धी. १९८७ मध्ये टोनी टकरविरुद्ध विजेतेपदाची लढत त्याने अशीच हातातून घालवली होती.

लास व्हेगासच्या बहुतेक जुगारघरांनी विजेता कोण यावर भाव उघडलाच नाही. तीनच महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या मिराजमध्ये पैजांचं काम पाहणाऱ्या जिमी व्हॅकारोने तो उघडला. पैसा टायसनवर येत गेला, भाव चढत गेला आणि शेवटी ४२ ला १ वर जाऊन थांबला. आपल्या बाजाराच्या बोलीत सांगायचं तर टायसनचा भाव अडीच पैशांच्याही खाली. एक रुपया जोखमीत टाकून अडीच पैसेही नाहीत! तरीही लोकांनी लावले, आणि मोठ्या रकमा लावल्या. असा भाव घेणाऱ्याने टायसन ४३ वेळा लढला तर किमान ४२ वेळा जिंकेल, हे गृहीत धरलेलं असतं. त्याहून एक जरी पराभव जास्त झाला तर तो खड्ड्यात. माणसाच्या शरीराबद्दल, मनाबद्दल इतकी खात्री कुणाला असू शकते?

ती खात्री डळमळावी अशा गोष्टी लपलेल्या नव्हत्या. टायसनला घडवणारा कस डिमॅटो १९८५ मध्ये गेला. त्याच्याच तालमीतला प्रशिक्षक केव्हिन रूनी १९८८ मध्ये दूर केला गेला. त्यानंतर टायसनचं डोकं हलवत आत शिरणं कमी झालं, एकच जोरदार ठोसा शोधणं वाढलं. टोकियोतल्या सरावात ग्रेग पेजने त्याला चक्क खाली पाडलं आणि ती बातमी वर्तमानपत्रांत छापून आली. डग्लसच्या हाताची पोच ८३ इंच, टायसनची ७१. आणि लढतीच्या २३ दिवस आधी डग्लसची आई, लुला पर्ल, वारली. बाजाराने त्याचा अर्थ काढला की आता तर हा मोडलाच. आईवरच्या मायेने माणूस मोडतो तसाच उभाही राहतो, हे भावात कुठे मांडायचं?

डग्लसचा डावा हात पहिल्या फेरीपासून टायसनच्या तोंडावर होता. टायसन आत शिरायचा तेव्हा डग्लस त्याला बांधून धरायचा किंवा बाजूला सरून पुन्हा मारायचा. टायसनचा डावा डोळा सुजत गेला. त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांनी सूज दाबायची लोखंडी पट्टीसुद्धा आणलेली नव्हती; रबरी हातमोज्यात गार पाणी भरून ते डोळ्यावर धरत होते. जगातल्या सर्वांत महाग मल्लाच्या कोपऱ्यातलं हे दृश्य मला त्या लढतीतल्या कुठल्याही ठोशापेक्षा बोलकं वाटतं. तो हरू शकतो असं त्याच्या स्वतःच्या लोकांच्याही मनात आलं नव्हतं.

आठव्या फेरीच्या शेवटी टायसनच्या खालून आलेल्या ठोशाने डग्लस आडवा झाला. नऊ मोजून होईपर्यंत तो उठला. पंच ऑक्टाव्हियो मेयरान यांनी संथ मोजलं असा पुढे प्रवर्तक डॉन किंगने आरडाओरडा केला, पण मल्लाने पाहायचा असतो तो पंचाचा आकडा, आणि डग्लस तोच पाहत होता. दहाव्या फेरीत डग्लसने खालून एक उभा ठोसा दिला आणि मागोमाग चार. टायसन कारकिर्दीत पहिल्यांदा खाली पडला, तोंडातून निसटलेलं दातांचं कवच जमिनीवर चाचपत राहिला, आणि दहा मोजून झाले.

तोपर्यंतच्या नऊ फेऱ्यांचे गुण मात्र पाहण्यासारखे आहेत. एका पंचाने डग्लसला ८८-८२ असं पुढे ठेवलं होतं. दुसऱ्याने ८६-८६ बरोबरी दिली होती. तिसऱ्याने टायसनला ८७-८६ असं पुढे. नऊपैकी बहुतेक फेऱ्यांत मार खाल्लेला माणूस एका पंचाच्या कागदावर जिंकत होता! भाव केवळ पैज लावणाऱ्यांच्या डोक्यात शिरत नाही, तो रिंगणाबाहेर बसलेल्या पंचाच्या पेन्सिलीतही शिरतो. पुढे दोन संघटनांनी डग्लसचं विजेतेपद अडवून पाहिलं आणि लोकांचा संताप पाहून काही दिवसांत माघार घेतली. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला डग्लस इव्हँडर होलीफील्डसमोर जाडावलेल्या अंगाने उतरला आणि तिसऱ्या फेरीत पडला. ती लढत मिराजमध्येच झाली.

टायसनवर पैसे लावणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. समोर ३७ विजयांचा तक्ता होता. पण ते ३७ जण कोण होते, त्यांची टायसनशी जोड कुणी लावली आणि का लावली, हा प्रश्न त्या तक्त्यात छापलेला नसतो. आपल्या फडातला साधा प्रेक्षक तो प्रश्न सर्वांत आधी विचारतो.

आता आपल्या जवळची गोष्ट. हरियाणातल्या भिवानीजवळच्या काळुवास गावचा विजेंदर सिंग २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा पहिला भारतीय मुष्टियोद्धा. २००९ च्या जागतिक स्पर्धेतही त्याने कांस्य मिळवलं. २०१५ मध्ये तो व्यावसायिक झाला आणि १० ऑक्टोबरला मँचेस्टरमध्ये सनी व्हायटिंगला तिसऱ्या फेरीत हरवून सुरुवात केली. मग विजयांमागून विजय. जुलै २०१६ मध्ये दिल्लीत केरी होप. डिसेंबरमध्ये टांझानियाचा फ्रान्सिस चेका. ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआयमध्ये चीनचा झुल्पिकार मैमैतियाली, जिथे गुण ९६-९३, ९५-९४, ९५-९४ असे निसटते होते. भारत आणि चीनमध्ये तेव्हा डोकलामचा तणाव चालू होता. जिंकल्यावर विजेंदरने आपला पट्टा शांततेसाठी परत द्यायची तयारी दाखवली. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये दुबईत चार्ल्स ॲडामू. बारा लढती, बारा विजय.

या बारा नावांकडे नीट पाहिलं तर त्यात सुरुवातीचे कच्चे प्रतिस्पर्धी आहेत, नाव मोठं पण वय झालेले आहेत, आणि झुल्पिकारसारखे तोडीचे मोजकेच. यात विजेंदरचा दोष नाही. हा धंदाच असा चालतो. प्रवर्तकाला भारतात मुष्टियुद्धाचा बाजार उभा करायचा होता आणि त्यासाठी न हरणारा नायक हवा होता. विजेंदरचं कौशल्य खरं होतं. त्या बारा विजयांतून दिसणारी अभेद्यता तशी नव्हती.

१९ मार्च २०२१ रोजी त्याची तेरावी लढत झाली, आणि ती झाली ती जागा विलक्षण होती: पणजीत मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या ‘मॅजेस्टिक प्राइड’ या कॅसिनो जहाजाचं छत. खाली टेबलांवर पत्ते आणि चक्र, वर दोरांचं रिंगण. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या मशिनींना वाट करून दिली गेली आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या खेळांना. १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत प्रवेशबंदी आहे. म्हणजे मांडवीवरच्या या जहाजांचं गिऱ्हाईक बाहेरून येतं, आणि त्यात सोलापूर, बेळगाव, हुबळी, कलबुर्गीकडून रात्रीच्या गाड्यांनी येणाऱ्यांची भर असते.

समोर होता रशियाचा आर्तिश लोपसान. वय २६, उंची सहा फूट चार इंच, गाठीला मोजक्याच लढती. विजेंदर ३५ वर्षांचा. मधे करोनाचा काळ गेलेला. सोळा महिने तो स्पर्धेत उतरला नव्हता. तक्ता समोर ठेवणाऱ्याला यात प्रश्नच नव्हता: बारापैकी बारा जिंकलेला ऑलिंपिकवीर एका अनोळखी पोराशी लढतोय. आपल्या पंचाने मात्र दोघांना समोरासमोर उभं करून आधी उंची पाहिली असती, मग वय विचारलं असतं, मग शेवटचा कधी मातीत उतरलास ते विचारलं असतं. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं लोपसानच्या बाजूची होती.

विजेंदरने जपून सुरुवात केली. लोपसानने लांब हातांनी त्याला अंतरावर ठेवलं, आणि फेऱ्या जाऊ लागल्या तसा विजेंदरचा दम उतरत गेला. आठ फेऱ्यांच्या लढतीत पाचव्या फेरीच्या १ मिनिट ९ सेकंदांनी पंचाने लढत थांबवली. व्यावसायिक कारकिर्दीतला विजेंदरचा हा पहिला पराभव. पडण्यात लाज काहीच नव्हती. पस्तिसाव्या वर्षी, इतक्या खंडानंतर, उंच आणि तरुण माणसासमोर उतरणं हीच हिंमत आहे.

जुगाराच्या कायद्याची बीदर-गुलबर्ग्याची परंपरा गोव्याहून वेगळी आहे. निजामाच्या राज्यात १३०५ फसलीचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, हैदराबाद जुगार कायदा लागू होता. त्याच कायद्याखालचं सिकंदराबादच्या एका क्लबचं रमीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने म्हटलं की रमीत पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं पान धरायचं आणि कोणतं टाकायचं याला अक्कल लागते. म्हणून तो निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे. कौशल्य आणि नशीब यांतली ही रेघ आजही वादात येते. कर्नाटकाने २०२१ मध्ये ऑनलाइन पैजांवर बंदी आणली. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा केला.

रमीची कसोटी मुष्टियुद्धावर लावून पाहावीशी वाटते. इथे पैज लावणाऱ्याने लक्षात ठेवायची पानं कोणती? विजयांचा आकडा हे पान सगळ्यांना दिसतं, आणि त्याची किंमत भावात आधीच वसूल झालेली असते. न दिसणारी पानं प्रवर्तकाच्या हातात असतात: कुणाला बोलावलं, कुणाला टाळलं, सरावात काय झालं, कोपऱ्यात कोण उभा आहे. मोबाइलवर ‘अपराजित’ हा शब्द वाचून पगार लावणाऱ्या औराद-आळंदच्या पोराला माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की गावच्या फडात उभा असताना तू जेवढे प्रश्न विचारतोस, तेवढे तरी तिथे विचार.

विजेंदर पुन्हा उतरला तो १७ ऑगस्ट २०२२ रोजी रायपूरमध्ये. समोर घानाचा एलियासू सुले होता. दुसऱ्याच फेरीत विजेंदरने त्याला नॉकआउट केलं. सुलेही त्या दिवसापर्यंत अपराजित होता.